डायलिसिस टेक्निशियन, किडनीची सिस्टर, डाएटिशियन… या लाइनीत पोरीला पुढं काय आहे? (कोल्हापूर)

उसाचा_फड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कागल तालुक्यातला. माझी भाची यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप. नीटला मार्क पडले, पण एमबीबीएसच्या आसपास फिरकायला पुरतील असे नाहीत. रिपीट करायची तिची तयारी नाही. आमच्या अण्णांचं डायलिसिस शाहूपुरीत चालू आहे, त्यांच्याबरोबर हीच जाऊन बसते. तिथं बघून बघून तिनं डोक्यात घेतलंय की आपण हेच शिकायचं.

दाजी म्हणतात, मशीनजवळ उभं राहायचं काम, त्यात कसलं आलंय करिअर. ताईचा आग्रह बीएस्सी नर्सिंगचा. मधल्या मधे मला एक इन्स्टिट्यूटवाला भेटला, सहा महिन्यांत डिप्लोमा आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतोय. फी पण बरीच सांगितली.

या क्षेत्रातलं कोण इथं असेल तर खरं खरं सांगा. नोकरी मिळते का, पगार काय, पुढं वाढ आहे का? आणि टेक्निशियन सोडून किडनीच्या कामात आणखी कोण कोण असतं?

तांबडा_पांढरा

सहा महिन्यांत म्हस सुदीक व्यायची नाही राव, टेक्निशियन कसा तयार हुतोय? पैसं भरू नका. बाकी जाणकार सांगतीलच, मी आपला बसलोय वाचत.

आरओ_आणि_मी

दादा, मी बरीच वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे, आधी पुण्यात आणि आता कोल्हापुरात. दाजींच्या "मशीनजवळ उभं राहायचं" पासूनच सुरुवात करते.

पहिली शिफ्ट सकाळी सहा-साडेसहाला लागते. म्हणजे आम्ही त्याच्या आधी. आल्या आल्या आरओ प्लांट, म्हणजे पाणी शुद्ध करायची यंत्रणा, चालू करायची, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते तपासायचं, मग मशीनची सेल्फ टेस्ट. डायलायझर (रक्ताची गाळणी) आणि ट्युबिंग लावून सलाइननं प्रायमिंग करायचं, म्हणजे आतली हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत बाहेर काढायची. तोवर पेशंट आलेला असतो. त्याचं वजन घ्यायचं, मागच्या वेळी जाताना किती होतं ते बघायचं, मधल्या दोन दिवसांत किती पाणी साठलं ते काढायचं. पाय दाबून बघायचे, दम लागतो का विचारायचं. फिस्टुलावर (सुया लावायला ऑपरेशननं हातातली शीर धमनीला जोडलेली असते ती जागा) हात ठेवून थ्रिल लागते का बघायची, म्हणजे हाताला जी थरथर जाणवते ती. ती नसेल तर सुई लावायचीच नाही, थेट डॉक्टरांना फोन.

आता खरी गोष्ट. समजा माणूस ६० किलोचा आणि चार लिटर पाणी साठवून आला. चार तासांत चार लिटर, म्हणजे तासाला एक लिटर. पण किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर ओढायला लागलं की हृदयावर ताण येतो. ६० किलोच्या माणसाला ते ७८० मिली होतात. म्हणजे चार तासांत तीन लिटरच्या थोडं वर. मग उरलेल्याचं काय? वेळ वाढवायची, की आज अर्धं काढून उद्या परत बोलवायचं, की "चालतंय की" म्हणून ओढायचं? निर्णय डॉक्टरांचा, पण डॉक्टर त्या क्षणी खाटेशेजारी नसतात. तिथं मी असते. तिसऱ्या तासाला पेशंट जांभया द्यायला लागला, कपाळावर घाम आला, की बीपी मोजायच्या आधी मला कळतं की आता खाली जाणार. पाणी ओढणं बंद, पाय वर, सलाइन. हे मशीन सांगत नाही. मशीनचा अलार्म त्यानंतर वाजतो.

पायात गोळे येतात, रक्त गोठतं, सुई सरकते, कुणाला थंडी वाजून येते. या सगळ्याला उत्तर द्यायला शिकायचं म्हणजे सहा महिन्यांचं काम नाही.

कोर्सबद्दल: २०२१ साली केंद्राचा एक कायदा झाला, राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्याच्या यादीत डायलिसिसचे लोक आहेत. त्या कायद्यात डिप्लोमा असो की डिग्री, किमान २००० तासांचं शिक्षण आणि तेही दोन ते चार वर्षांत विभागलेलं, अशी अट आहे. सहा महिन्यांत २००० तास बसवायचे तर रविवारसुद्धा धरून रोज अकरा तास शिकवावं लागेल, आणि तसं केलं तरी दोन वर्षांची अट राहतेच. तुमच्या इन्स्टिट्यूटवाल्याला एवढंच विचारा.

पगाराचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, आता ड्युटी आहे.

बटण_दाबा

ताई, राग मानू नका, पण आजकाल मशीन सगळं ऑटोमॅटिक असतंय. डॉक्टर लिहून देतात, तुम्ही आकडे भरता. याला एवढं मोठं करून सांगायची गरज आहे का? पोरीला इंजिनिअरिंगला घाला, डिप्लोमा मेकॅनिकल. शिरोली एमआयडीसीत काम मिळंल.

सोम_बुध_शुक्र

बटण_दाबा साहेब, मी मंगळवार पेठेतला पेशंट. नावावरून वार कळले असतीलच.

आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ डायलिसिस. दर वेळी दोन सुया, एक रक्त घेणारी, एक परत देणारी. सुई कसली, चांगली जाड सळी असते. ती ज्याच्या हातानं जाते त्या हातावर आमची हाताची नस किती वर्षं टिकणार ते ठरतं. एकाच जागी टोचत राहिला तर नस फुगते, फुगवटे तुम्ही बघितले असतील काही जणांच्या हातावर. चांगला टेक्निशियन जागा बदलत जातो, खालून वर. कच्चा हात असला की सुई आरपार जाते, आत रक्त साचतं, हात निळा पडतो, मग गळ्यात कॅथेटर टाकून घ्यायची वेळ.

आमच्याकडं एक पोरगं होतं. हात असा की सुई गेलेली कळायची नाही. त्याची शिफ्ट मिळावी म्हणून म्हातारी माणसं वार बदलून मागायची. पुण्याला गेला. बरोबर केलं त्यानं, इथं त्याला काय मिळत होतं? पण तो गेल्यावर महिनाभर सगळ्यांची तोंडं उतरलेली. ऑटोमॅटिक मशीन होतंच की तिथं.

बटण_दाबा

बरं. सुईचं माहीत नव्हतं.

सिस्टर_इनचार्ज

मी नर्स आहे, डायलिसिस युनिटची इनचार्ज. आरओताईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य, तरी या दादांना मी ताईच्या बाजूनं सांगणार. मुलीला नर्सिंगच करू द्या.

कारण सांगते. डायलिसिस टेक्निशियनला डायलिसिसच्या खोलीबाहेर कुणी ओळखत नाही. उद्या पाठ धरली, तीन शिफ्ट झेपेनाशा झाल्या, लग्न होऊन आजरा-चंदगडकडं गेली आणि तिथं युनिट नाही, तर काय करणार? नर्स वॉर्डात जाईल, ओपीडीत जाईल, शाळेत जाईल, सरकारी भरतीला बसेल. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षं, बीएस्सी चार वर्षं. नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, ती कुणी नाकारू शकत नाही. नर्स होऊन पाच-सहा महिने डायलिसिस युनिटला शिकली की हे सगळं तिलाही करता येतं. उलटं होत नाही.

शिवाय कागदावर बघाल तर एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवायचं इंजेक्शन), लोह, रक्त चढवणं ही नर्सची कामं. प्रत्यक्षात बऱ्याच छोट्या युनिटमध्ये टेक्निशियनच देतात. काही झालं की मग "तुला कुणी सांगितलं होतं" म्हणून त्याच पोराच्या अंगावर येतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, नाव-गाव सांगत नाही.

आरओ_आणि_मी

सिस्टर, दाराबाहेर ओळखत नाही हे खरंय. पण "पाच-सहा महिने शिकली की" याला मी हरकत घेणार! नर्सला मशीन चालवता येतं. पाणी का बिघडलं, कंडक्टिव्हिटी (द्रावणातल्या क्षारांचं माप) का हलतेय, व्हीनस प्रेशर (रक्त परत जातानाचा दाब) चढलं तर सुईत अडचण आहे की ट्युबिंगमध्ये की नसेतच पुढं कुठं अरुंद झालंय, हे आम्ही चार वर्षं शिकतो. तुमच्या युनिटला अलार्म वाजला की हाक कुणाला मारता?

आता पगार. कोल्हापुरात सुरुवातीचा पगार गावाकडून येऊन-जाऊन करणाऱ्या मुलीचा पेट्रोल आणि डब्यात संपेल इतकाच. दोन वर्षांनी हात तयार झाला की मागणी येते, पण मागणी बहुतेक पुण्या-मुंबईची. युनिट वाढतायत हे खरं. २०१६ ला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीतून केंद्रं उघडली. महात्मा फुले योजनेतही डायलिसिस बसतं. त्यामुळं पूर्वी जो माणूस पैशाअभावी घरी बसायचा तो आता येतो. मशीन वाढली, माणसं लागतात. फक्त योजनेतून एका डायलिसिसमागे जे मिळतं ते ठरलेलं, त्यात नफा काढायचा तर कात्री कशाला लागणार ते तुम्हीच ओळखा. एका टेक्निशियनमागे मशीन वाढवायची ही सोपी युक्ती. इंटरव्ह्यूला गेली की पगार विचारायच्या आधी तिनं हे विचारावं: एका शिफ्टला माझ्याकडं किती मशीन?

वाढ कुठं आहे? शिडी लांब नाही. सीनियर, मग युनिट इनचार्ज, साखळी कंपनीत असाल तर चार-सहा केंद्रांवर देखरेख. दुसरी वाट मशीन कंपन्यांची. त्यांना अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट लागतात, नवीन मशीन बसलं की जाऊन तिथल्या स्टाफला शिकवणारे. तिसरी वाट लोक विसरतात ती पोटाच्या डायलिसिसची. सीएपीडीचे पेशंट घरीच दिवसातून तीन-चार वेळा पिशव्या बदलतात, त्यांना घरी जाऊन शिकवायला क्लिनिकल कोऑर्डिनेटर असतात. चंदगडचा माणूस शंभरेक किलोमीटर आठवड्यातून तीनदा येणार कसा? त्याला हे जास्त सोयीचं. आपल्याकडं अजून म्हणावं तितकं रुजलेलं नाही, पण ज्या मुलीला लोकांशी बोलायला आवडतं तिनं इकडं बघावं.

नेफ्रो_रेसिडेंट

डॉक्टरांच्या बाजूनं थोडक्यात, कुणाला हवं असेल तर. एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग मेडिसिन किंवा बालरोगमध्ये एमडी तीन वर्षं, मग नीट एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा) देऊन डीएम नेफ्रॉलॉजी, म्हणजे किडनीचं, तीन वर्षं. साडेअकरा झाली. मधल्या परीक्षांच्या तयारीचा काळ आणि सरकारी बंधपत्राची सेवा वेगळी. घरचे विचारत असतात, "अजून शिकतोयसच?"

एक गंमत. ज्या मशीनवर आपली सगळ्यांची रोजीरोटी आहे ते पहिलं विल्यम कोल्फ या डच डॉक्टरनं १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या छोट्या गावात बनवलं. गाळणी म्हणून सॉसेज भरायचं सेलोफेन वापरलं होतं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट दगावले, १९४५ ला पहिली बाई वाचली. आणि ज्या फिस्टुलाबद्दल वर लिहिलंय ती युक्ती १९६६ ची. त्याच्या आधी दीर्घकाळ डायलिसिस करायचं म्हणजे शरीराबाहेर लोंबकळणारी नळी सांभाळणं होतं.

सिस्टर आणि आरओताईंच्या वादात मी पडणार नाही. मला दोघीही लागतात.

पूररेषा

धागा पाण्यावरून चाललाय तर मला राहवत नाही. मी एका युनिटचा आरओ आणि मशीन सांभाळायचो, आता स्वतःचं काम आहे.

डायलिसिसचं मशीन मिनिटाला ५०० मिली डायलायसेट, म्हणजे रक्त धुणारं द्रावण, वापरतं. चार तासांचे १२० लिटर. एका पेशंटचे. दहा मशीन आणि तीन शिफ्ट धरल्या तर दिवसाला ३६०० लिटर, आणि हे फक्त गाळून आलेलं शुद्ध पाणी. आरओ जेवढं देतो त्याशिवाय बरंच टाकून देतो, म्हणजे टाकीत याच्या कितीतरी जास्त लागतं. आपण आठवड्याला फार तर पंधरा-वीस लिटर पाणी पितो, तेही आतड्यातून गाळून रक्तात जातं. डायलिसिसच्या पेशंटच्या रक्ताला एका बैठकीत १२० लिटर भिडतं, मधे एक पातळ पडदा. म्हणून नळाचं पाणी पिण्याला चांगलं असलं तरी इथं चालत नाही. पालिका जंतू मारायला क्लोरीन घालते, ते कार्बनच्या टाकीत अडलं नाही तर पेशंटच्या तांबड्या पेशी फुटतात. ब्राझीलमध्ये कारुआरू गावात १९९६ ला पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष डायलिसिसमधून पेशंटच्या अंगात गेलं, पन्नासच्या आसपास माणसं गेली. रंकाळा हिरवा झालेला आपण बघितलाय, म्हणून मला ती गोष्ट कायम लक्षात राहिली.

आता २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद. शिंगणापूर, बालिंगा, सगळी उपसा केंद्रं पाण्यात. चारी बाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही. लोकांनी आंघोळी सोडल्या. डायलिसिसवाल्यांनी काय सोडायचं?

टँकर आले, पण टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, त्याचा भरवसा काय? प्रत्येक टँकरला क्षार मोजायचे, क्लोरीन मोजायचं, प्रीफिल्टर गाळानं चोंदले की बदलायचे, आणि फिल्टरचा नवा माल येणार हायवेवरून. चार तासांचं डायलिसिस तीनवर आणलं, म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं तरी मिळावं. सिस्टर आणि टेक्निशियन मुली युनिटमध्येच झोपल्या, कारण घरी गेलं तर परत येता येईल याची खात्री नव्हती. डाएटिशियन मॅडम फोनवर एकेका पेशंटला सांगत होत्या, "दोन दिवस डाळ-भाजीचं पाणी नको, केळं नको, पाणी मोजून." शिरोळकडचे काही पेशंट बोटीतून काठाला, तिथून ट्रॅक्टर, तिथून कुणाच्या तरी गाडीत असे आले.

त्या आठवड्यात डॉक्टरांचा पत्ता नव्हता असं म्हणत नाही, तेही होते. पण युनिट चाललं ते ज्यांना पाणी कळत होतं त्यांच्या जिवावर. आता काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली, २०२३ च्या दिवाळीत. परत पूर आला तर त्यानं किती फरक पडतो ते बघायचं.

तेव्हा दादा, तुमच्या भाचीला कॉलेज निवडायचं असेल तर बिल्डिंग, लॅब, गॅदरिंगचे फोटो सोडा. सरळ म्हणा, आरओ प्लांट दाखवा. पाण्याच्या तपासणीचं रजिस्टर दाखवा. ज्यानं दाखवायला काचकूच केली त्याच्याकडं शिकायचं नाही. आणि सीपीआरसारख्या गर्दीच्या सरकारी दवाखान्यात प्रात्यक्षिक मिळत असेल तर ते सोडू नका. चकाचक ठिकाणी विद्यार्थ्याला सुई हातात मिळत नाही.

तांबडा_पांढरा

पूररेषा, नाद खुळा लिहिलंय. त्या पुरात आमी व्हिनस कॉर्नरला गुडघाभर पाण्यात हुतो, पर हे डोक्यातबी आलं नव्हतं.

पथ्यवाली

डाएटिशियन मॅडमचा उल्लेख झाला म्हणून मी लिहिते, जरी त्या मी नव्हे.

कोल्हापुरात किडनीचं पथ्य सांगणं म्हणजे रोज भांडण. गूळ चांगला, साखर वाईट, हे आपल्याकडं आईच्या दुधातून येतं. किडनीच्या पेशंटला गुळातलं पोटॅशियम नडतं. शहाळं तर दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा आणतो, तेच सगळ्यात धोक्याचं. उसाचा रस तसाच. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन मोठा झालेला पैलवान गडी, त्याला दुधातलं फॉस्फरस समजावून सांगायचं. पांढऱ्या रश्शात नारळ, तांबड्यात मीठ, आणि दोन्ही वाटीवर वाटी प्यायचे, म्हणजे पाणीही आलं. "मटण नको का?" विचारतात. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट प्रथिनं वाढवायची असतात, किलोमागे दिवसाला एक ते १.२ ग्रॅम. मटणाचे दोन-तीन तुकडे खा, रस्सा सोडा, असं मी सांगते. कोल्हापुरी माणसाला रस्सा सोडून मटण खा म्हणणारी मी एकटीच असेन. डायलिसिसच्या आधीच्या पेशंटला नेमकं उलटं, प्रथिनं कमी. एकाच घरात दोघे असले तर सुनेचं डोकं फिरतं.

करिअर म्हणून: एमएस्सी न्यूट्रिशन किंवा डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा, मग दवाखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप, मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षा. फक्त किडनीवर पूर्णवेळ नोकरी कोल्हापुरात मिळणं अवघड. दोन-तीन ठिकाणी ठरलेले वार धरून काम करावं लागतं, मीही तेच करते. त्यातच मधुमेहाचे पेशंट येतात, आणि किडनीच्या बऱ्याच कहाण्या तिथूनच सुरू झालेल्या असतात.

अवयव_समन्वय

ट्रान्सप्लांटचं कुणी बोललं नाही अजून, म्हणून माझ्या कामाची माहिती.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ ला दुरुस्ती झाली, त्यानुसार प्रत्यारोपणाची नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर नेमावाच लागतो. २०१४ च्या नियमांत पात्रता दिलीय: कुठल्याही मान्य वैद्यकशाखेचा पदवीधर, किंवा नर्स, किंवा कुठल्याही विषयाची पदवी आणि शक्यतो समाजकार्य, समाजशास्त्र वगैरेत पदव्युत्तर. म्हणजे आपल्या सायबर कॉलेजमधून एमएसडब्ल्यू (समाजकार्य) केलेल्या मुलामुलींनाही ही वाट उघडी आहे, सायन्सच लागतं असं नाही. हे फार कमी जणांना माहीत असतं.

काम दोन तऱ्हेचं. जिवंत दात्याचं असेल तर कागद: नातं सिद्ध करणं, समितीपुढची मुलाखत, आई किडनी देतेय ती मनानं देतेय की सासरच्या दबावानं, हे एकटीला बाजूला घेऊन विचारणं. (दात्यांत बायका किती आणि घेणाऱ्यांत पुरुष किती, ते बघत बसलात तर झोप उडेल. असो.) दुसरं काम मेंदू मृत झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलण्याचं. चार डॉक्टरांचं पथक सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करतं, मग आम्ही बोलायचं. तोवर एक शब्द काढायचा नाही. हायवेवरच्या अपघातात गेलेला पंचविशीतला मुलगा, बाहेर अख्खी गल्ली जमलेली, छाती वरखाली होताना दिसतेय, आणि बापाला सांगायचं की तो गेलाय. ते पटल्याशिवाय दानाचा विषय काढला तर माणसं अंगावर येतात, आणि त्यांचं चुकत नाही.

हो म्हणाले की पुण्याच्या झेडटीसीसीला (अवयववाटप ठरवणारी विभागीय समिती) कळवायचं, कोल्हापूर त्यांच्याच विभागात येतं. प्रतीक्षायादी तिथं ठरते, आमच्या हातात काही नसतं. त्यानंतर झोप नाही. पोलीस, शवविच्छेदन, रुग्णवाहिका, विमानतळ.

ज्या मुलीला माणसांशी बोलायला जमतं पण सुई बघून चक्कर येते, तिच्यासाठी हे काम आहे. रडणाऱ्या माणसापुढं गप्प बसता यायला हवं, बोलता येण्यापेक्षा ते जास्त लागतं.

खाडीपार

मूळचा इचलकरंजीचा, आखातात डायलिसिस नर्स. सिस्टर इनचार्जच्या बाजूनं एक मत टाका. इथं आमच्याकडं मशीन लावणं, सुई लावणं नर्सच करते. मला इथं यायला प्रोमेट्रिकची परीक्षा आणि डेटाफ्लोची कागदपत्र पडताळणी द्यावी लागली, आणि अनुभवाचा दाखला. अनुभवाचा दाखला सोडून येणारे इथं दारातच अडकतात, म्हणून पहिल्या नोकरीतून भांडून निघू नका, लेटर घेऊन निघा. टेक्निशियनच्या जागा येतात पण मोजक्या.

उद्यमनगरी

इंजिनिअरिंगचं वर कुणी काढलं होतं. ते काही वाईट सुचवलं नव्हतं. डायलिसिस मशीन दुरुस्त करणारा बायोमेडिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस कोल्हापुरात अजून पुण्याहून येतो. मशीन बंद पडलं की फोन, मग तो निघणार, मग कराडला जेवणार. तोवर एक खाट रिकामी. पंप, व्हॉल्व, सेन्सर, हीटर, डायलायसेट ३६-३७ अंशांत ठेवायचं, यात फौंड्रीतल्या पोराला न समजण्यासारखं काही नाही. फरक इतकाच की इथं चुकलं तर माल रिजेक्ट होत नाही.

उसाचा_फड (धागाकर्ता)

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीनं पण सगळा धागा वाचला, दोनदा.

इन्स्टिट्यूटवाल्याला २००० तासांचं विचारलं. तो म्हणाला, "ते कायद्याचं अजून आपल्याकडं कडक नाही." मग आरओ प्लांट दाखवा म्हटलं, तर म्हणाला प्रॅक्टिकल हॉस्पिटलला टाय-अप करून होतं. कुठलं हॉस्पिटल ते सांगेना. फी वाचली.

दाजींना पूररेषा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते त्या पुरात शिरोळला अडकले होते. बोलले काही नाहीत, पण "मशीनजवळ उभं राहायचं" हे बंद झालं.

आता पोरीचं म्हणणं असं: बीएस्सी नर्सिंगची सीईटी द्यायची, सरकारी कॉलेज मिळालं तर नर्सिंग आणि पुढं डायलिसिसला जायचं. नाही मिळालं तर खासगी नर्सिंगची फी भरण्यापेक्षा चार वर्षांचं डायलिसिसचं डिग्री कॉलेज, जिथं मोठं हॉस्पिटल जोडलेलं आहे तिथं. आरओताई, हे बरोबर वाटतं का? आणि ताईला एकच भीती आहे, रक्ताचं काम, कावीळ वगैरे होणार नाही ना?

सिस्टर_इनचार्ज

बरोबर आहे. मी जिंकले असं समजते :)

आरओ_आणि_मी

अर्धं जिंकलात सिस्टर.

दादा, क्रम बरोबर आहे. ताईंची भीतीही खरी आहे, लपवत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही रक्तातून पसरतात. बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं, शक्यतो खोली वेगळी, तिथला स्टाफ त्या शिफ्टला दुसऱ्या पेशंटला हात लावत नाही. सी ला लस नाही, तिथं हातमोजे आणि सवयीच वाचवतात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ही पहिली सवय.

बी ला मात्र लस आहे आणि ती कॉलेज सुरू व्हायची वाट बघत नाही. पहिला डोस आत्ता, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसची (लस लागू पडली का बघायची) रक्ततपासणी, आकडा दहाच्या वर यायला हवा. नाही आला तर परत डोस. लहानपणी घेतली असेल तर आधी कार्ड शोधा, ते असलं तर आधी फक्त तपासणी करून घ्या. बरेच विद्यार्थी पहिल्या वर्षाला वॉर्डात जातात आणि मग लस घेतात. या आठवड्यात अण्णांना घेऊन याल तेव्हा तिथल्याच सिस्टरना विचारा, त्या सांगतील कुठं मिळते ते.